बदामाच्या पानाखालचं घरटं

सकाळी सकाळी दुसऱ्याच्या दारातला पाचोळा गोळा करत फिरणारा माणूस भल्या घरचा असू शकत नाही, असं नांदेडातल्या एका कॉलनीचं माझ्याबद्दल बरीच वर्षं मत होतं. त्या कॉलनीत बदामाची दोन जुनी झाडं आहेत. थंडी सरत आली की त्यांची पानं आधी लाल होतात, मग तपकिरी होतात आणि पटापटा गळायला लागतात. बायका खराटा घेऊन बाहेर यायच्या, ढीग करायच्या, काडी लावायच्या बेतात असायच्या, तेवढ्यात मी कापडी पिशवी घेऊन हजर. "मावशी, जाळू नका, मला द्या." त्यातल्या एक मावशी तर घरात जाऊन नवऱ्याला सांगत होत्या, "अहो, त्यो करणीवाला आलाय बगा परत!"

करणीबिरणी काही नाही. मी मासेवाला. म्हणजे खायच्या नव्हे, बघायच्या माशांचा. काचेच्या टाक्या जोडायच्या, घरोघरी नेऊन मांडायच्या आणि मग आयुष्यभर त्या धूत फिरायचं, असा हा उद्योग. दुकान नांदेडला, पण गिऱ्हाइकं लातूर, मुरुड, देगलूर अशी पांगलेली. एसटीत मांडीवर हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन बसलेला कुणी कधी दिसला असेल, तर तो बहुतेक मीच. एक कंडक्टर नेहमी विचारायचे, "उस्ताद, यांचं हाफ फाडू का फुल?"

आता पाचोळ्याचं काय ते सांगतो, नाहीतर तुम्हीही त्या मावशींच्या बाजूचे व्हाल. आमच्याकडचं बोअरचं पाणी लई जड. बादलीवर, नळावर, चहाच्या भांड्यावर पांढरी पुटं चढतात. हे पाणी माणसाला चालतं, बऱ्याच माशांनाही चालतं, पण फायटर, गुरामी असले मासे मूळचे सावलीतल्या संथ पाण्यातले. तिथं वर झाडं, खाली वर्षानुवर्षं साचलेला पालापाचोळा. पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस. तसं पाणी करून द्यायचं असेल तर टाकीत वाळलेली पानं टाकायची. पानाचा कस हळूहळू पाण्यात उतरतो, पाण्याचा कडकपणा थोडा मवाळ होतो, माशाचा रंग खुलतो, फाटलेले पर भरून यायला मदत होते. पान कुजायला लागलं की त्यावर बुळबुळीत थर येतो. आपल्याला बघून शिसारी येते, पण नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचं पहिलं जेवण त्यातच असतं. ते इतकं बारीक असतं की साध्या डोळ्यांना दिसतही नाही.

नियम मात्र कडक आहेत. पान आपणहून गळलेलं हवं, तोडलेलं नको. वाळून खडखडीत झालेलं हवं. कापसाच्या नाहीतर सोयाबीनच्या बांधावरचं झाड असेल तर त्याखाली वाकायचंसुद्धा नाही, कारण फवारणीचं औषध पानावर बसलेलं असतं. घरी आणून धुवायचं, उकळतं पाणी ओतायचं आणि मग टाकीत सोडायचं. एवढं करून काही पानं हट्टी असतात, तरंगतच राहतात. ती तशीच राहू द्यायची. त्यांचाही उपयोग होतो, ते पुढे येईलच.

एका भल्या गृहस्थांनी मात्र माझ्या नियमाची दसऱ्याला वाट लावली. मुरुडला त्यांचं कापडाचं दुकान. सगळ्या गावाला सोनं वाटून झालं, तेव्हा त्यांना वाटलं, घरातल्या माशांनी काय पाप केलंय? ओंजळभर आपट्याची हिरवीगार पानं टाकीत सोडली आणि वर हात जोडून म्हणाले, "घ्या, तुम्हीपण सोनं घ्या." दोन रोजांत पाणी दुधासारखं पांढरं. मासे वर येऊन आ वासायला लागले. मी पोचलो तेव्हा शेटजी रडवेले झाले होते. "तुम्हीच म्हणले पानं चांगली असतेत म्हणून!" हिरव्या पानात अजून चीक असतो, ते वाळत नाही, सडतं, हे सांगता सांगता मीही हसत होतो आणि तेही. बरेचसे मासे वाचले. पुढच्या दसऱ्याला त्यांनी पानं टाकीला बाहेरूनच चिकटवली.

पण माझा खरा झगडा हिरव्या पानांशी नव्हता, तो स्वच्छतेशी होता. आपल्याकडे पाचोळा म्हणजे आळशी घराची खूण. दारात पान पडलेलं दिसलं की बाईचा जीव कासावीस होतो आणि मी तेच पान थेट दिवाणखान्यात, काचेआड, दिव्याखाली मांडून ठेवायला सांगतो. "काका, पाणी बाटलीतल्यासारखं करून द्या," हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नसेल. अशा लोकांत अव्वल नंबर लातूरच्या वाघमारे साहेबांचा.

वाघमारे साहेबांची सगळी नोकरी पाणी स्वच्छ करण्यात गेली. जलशुद्धीकरण केंद्रावर ते ऑपरेटर होते. धरणातून गढूळ पाणी यायचं, त्यात तुरटी किती सोडायची, गाळ कधी बसणार, कुठली झडप किती फिरवायची, हे त्यांचं काम. ज्या लातुरात पाण्यासाठी लोकांनी काय काय सोसलं, त्या लातुरात हा माणूस काचेचा ग्लास उजेडाकडे धरून पाणी बघायचा आणि तोंडातल्या तोंडात "हाव, आता बरोबर" म्हणायचा. माणूस सरळ, आवाज भारदस्त, घर आरशासारखं लख्ख. निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्याकडून टाकी घेतली आणि बैठकीत बुद्धाच्या मूर्तीशेजारी मांडली. स्वच्छ पाण्यात मासे पोहताना बघत बसायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या टाकीचा ताबा त्यांच्या मुलीनं घेतला. प्रज्ञा एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची. तिनं एकदा माझ्याकडून बदामाची पानं नेली, मग विहाराच्या आवारातल्या पिंपळाखालची स्वतःच वेचून आणली. पिंपळाचं पान पाण्यात महिनाभर राहिलं की मऊ भाग निघून जातो आणि नुसती जाळी उरते. ती जाळी ती मला कौतुकानं दाखवायची. एकदा पानावरच्या बुळबुळीत थराचा थेंब तिनं लॅबच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बोलावून घेतलं. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीबद्दल लोकांना ठासून सांगत होतो, ती मी तोवर पाहिली नव्हती. थेंबात बाजार भरला होता. कोण गरगर फिरतंय, कोण घसरतंय, कोण दुसऱ्याला गिळतंय. मी डोळा बाजूला घ्यायला तयार होईना, तशी ती म्हणाली, "काका, बास आता, माझे पेशंट थांबलेत." या पोरीबद्दल मला तेव्हापासून जो आदर वाटतो, तो आजही कमी झालेला नाही.

तर एका शुक्रवारी वाघमारे साहेबांचा फोन. "उस्ताद, रविवारी देगलूरहून पाहुणे येऊन राहिलेत, प्रज्ञाला बघायला. टाकी चकाचक करून द्या. पाणी सगळं नवं. तो कचरा काढून फेका."

रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं लातूर गाठलं. दारातच बापलेकीचं जुंपलेलं ऐकू आलं.

"पप्पा, आज नको. अंडी फुटलीत. पिल्लं अजून पोहत नाहीत."

"बाई, पाहुणे सोफ्यावर बसले की समोर काय दिसनार? गटार! म्हणतील, बाप पाण्यात नोकरी करत होता आन् घरात असलं पाणी."

मी टाकीपाशी वाकलो. एक मोठं बदामाचं पान वर तरंगत होतं. त्याच्याखाली फेसाचं घरटं आणि त्या फेसाला लोंबकळणारी बारीक पिल्लं, डोळे बारीक केले तरच दिसणारी. खाली एकटा निळा फायटर नर, बाकीचे मासे प्रज्ञानं आधीच दुसरीकडे हलवले होते. हे या माशाचं एक नवल आहे. मादीचं काम अंडी देण्यापुरतं. मग तिला बाजूला काढावं लागतं, नाहीतर ती अंडी खाते. पुढचं सगळं बापाकडे. तोंडानं बुडबुडे सोडून तो घरटं बांधतो, अंडी त्यात नेऊन ठेवतो, पिल्लू निसटून खाली पडायला लागलं की तोंडात धरतो आणि वर नेऊन फेसात सोडतो. खाणंपिणं बंद. पण फार घाबरला, पाणी एकदम बदललं, तर हाच बाप सगळी पिल्लं गिळून टाकू शकतो. प्रज्ञानं याआधी दोनदा प्रयत्न केला होता आणि दोन्ही वेळा काही हाती लागलं नव्हतं. लातूरच्या पाण्यात होणार नाही, असं मीच तिला सांगितलं होतं. आता झालं होतं.

"साहेब," मी म्हणालो, "आज हात लावला तर एक वाचणार नाही. पाहुण्यांना काय ते मी सांगतो."

वाघमारे साहेब सोफ्यावरच्या उशा नीट करायला लागले. मला वाटलं, पटलं. प्रज्ञा आत साडी नेसायला गेली. मी हात धुवायला मागच्या दारी गेलो, तिथं तिच्या आईनं, मंगलाताईंनी, माझ्या हातात चहाचा कप दिला. कप संपवून बैठकीत आलो तर साहेब टाकीपाशी उभे, सदऱ्याची बाही कोपरापर्यंत ओली आणि हातात तुरटीचा खडा.

लातुरात हे कुणालाही नवीन नाही. टँकरचं गढूळ पाणी रांजणात ओतलं की बाई आधी तुरटी फिरवते आणि मग पदर सावरते. गाळाचे पुंजके होतात, तळाला बसतात, वर नितळ पाणी. पण माशाच्या टाकीत ते पुंजके माशाच्या कल्ल्यांवरही बसतात, पाणीही एकदम बिघडतं. साहेबांनी आयुष्यभर केलं तेच केलं होतं.

"दोनच फेरे मारले," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "रंग तेवढा खाली बसंल म्हणलं. पानाला हात न्हाई लावला मी."

टाकीत तपकिरी पुंजके धरायला सुरुवात झाली होती. नर पानाखालून बाहेर येऊन सैरभैर फिरत होता.

प्रज्ञा बाहेर आली ती अर्धवट नेसलेल्या साडीत, तोंडात पिना धरून. तिनं टाकीकडे बघितलं, बापाच्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, आता हिचा आवाज गल्लीभर जाणार. तिनं तोंडातल्या पिना काढून टीव्हीवर ठेवल्या आणि एवढंच म्हणाली, "आई, चहाचं मोठं पातेलं दे."

"आगं, पाहुण्यांचा चहा कशात करू?"

"आई, दे!"

टाकीशेजारी झाकण ठेवलेली एक बादली नेहमी असायची. तिच्यात पानं मुरवलेलं पाणी, टाकीइतकंच कोमट. ते तिनं पातेल्यात ओतलं. मग पानाखाली ताटली सरकवून घरटं आहे तसं उचलायचं होतं. तिनं हात आत घातला तर पदर पाण्यात आला, बांगड्या काचेवर आपटल्या, पान हललं. दोन पिल्लं सुटून खाली गेली. तिनं हात मागं घेतला.

"पप्पा, तुम्ही धरा," ती म्हणाली. "हळू."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी दुसरी बाही दुमडली आणि ताटली पाण्यात घातली. मी कितीतरी जणांना टाकीत हात घालताना बघितलंय, पण असा हात नाही. पाणी हललं नाही. ज्या हातांनी मोठाल्या झडपा केसाएवढ्या फिरवल्या होत्या, त्या हातांनी ताटली पानाखाली गेली, वर आली आणि पान, फेस, पिल्लं सगळं अलगद पातेल्यात उतरलं. मी वाटीनं नराला उचलून त्यात सोडला. आणि तेवढ्यात बाहेर जीप थांबली.

पुढचा प्रसंग मी देगलूर ते नांदेड सगळीकडे सांगितला आहे. पाहुणे बसले. मुलगा शाळेत शिक्षक, अमोल. त्याची आई, अंगापिंडानं दणकट, शेतात राबलेली बाई. आणि मुलाचे मामा. हलवायला वेळच न मिळाल्यामुळे पातेलं समोरच्या टेबलावर. मामांनी त्यात डोकावून बघितलं, तांबूस पाणी, वर तरंगणारं पान. म्हणाले, "च्या लईच कडक केलाय की हो. पण हे पान कसलं घातलंत? विलायचीचं?"

मी कापडानं तोंड पुसायच्या निमित्तानं तोंड लपवलं. मंगलाताईंना दरदरून घाम फुटला. प्रज्ञा पोह्यांचा ट्रे घेऊन आत-बाहेर करत होती, पण तिचे डोळे पातेल्यावर होते. नर एका कडेला स्तब्ध होता. घरट्याकडे बघतही नव्हता. तो आता पिल्लं गिळतो की राखतो, याच्यावर सगळं होतं आणि त्या खोलीत हे फक्त आम्हा तिघांना माहीत होतं.

तेव्हा वाघमारे साहेब उभे राहिले. मुलाकडच्या मंडळींसमोर, स्वतःच्या घरात, स्वतःहून म्हणाले, "च्या न्हाई हो तो. त्यात माशाची पिल्लं हायत. टाकीचं पाणी लाल दिसतंय म्हणून तुमच्यासमोर लाज वाटली मला. मी तुरटी फिरवली. पोरीनं नको म्हणलं होतं, ह्या उस्तादांनीबी म्हणलं होतं. मी ऐकलं न्हाई. आता ती वाचत्यात का न्हाई, म्हाईत न्हाई."

मुलीच्या बापानं बघायच्या कार्यक्रमात असं बोललेलं मी आजवर दुसरीकडे ऐकलेलं नाही. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

मुलाच्या आईनं पातेलं जवळ ओढलं. "लाज कशाची? आमच्या हिरीवर पिंपळ हाय. पानगळीत पाणी असंच होतंय. त्येच पिऊन ह्यो एवढा झाला की." तिनं अमोलकडे बोट केलं. अमोल तोवर जमिनीवर गुडघे टेकून पातेल्याच्या कडेला डोळा लावून बसला होता. "मला दिसतील का पिल्लं?" त्यानं विचारलं. प्रज्ञानं ट्रे ठेवला आणि मोबाइलचा उजेड तिरका धरून दाखवलं.

तेवढ्यात एक पिल्लू फेसातून सुटलं आणि गिरक्या घेत खाली जायला लागलं. नर हलला. खाली गेला. पिल्लू तोंडात घेतलं. प्रज्ञानं उजेड आणखी जवळ नेला. तो वर आला, पानाखाली गेला आणि पिल्लू त्यानं फेसात सोडलं.

"वाचली!" असं जोरात कोण ओरडलं ते बघितलं, तर वाघमारे साहेब.

"आन् माय कुठाय ह्यांची?" मुलाच्या आईनं विचारलं.

"तिला वेगळं ठेवलंय. ती खाते," प्रज्ञा म्हणाली. सगळे हसले.

"बाप कवर संभाळतोय?"

"पिल्लांना पोहता येईपर्यंत. मग त्यालाच काढावं लागतं. तो पिल्लांना जाऊ देत नाही, पुन्हा पुन्हा धरून घरट्यात आणतो. पिल्लंही दमतात, तोही दमतो."

मामा हसले. साहेब हसले नाहीत. पाणी आणतो म्हणून ते आत गेले आणि जरा उशिरानं आले.

सोयरीक जमली. पिल्लंही बरीच जगली. पातेलं मात्र मंगलाताईंनी पुन्हा चहाला वापरलं नाही. पिल्लं मोकळी पोहायला लागली त्या दिवशी मी तिथंच होतो. प्रज्ञानं जाळी वडिलांच्या हातात दिली. त्यांनी नराला काढलं, एका बरणीत सोडलं आणि बरणी मूर्तीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. लग्नानंतर थोडी पिल्लं डब्यातून देगलूरला गेली, सोबत पिंपळाच्या पानांची पिशवीही.

आता माझे गुडघे बोलायला लागलेत, एसटीचे धक्के सोसवत नाहीत. कॉलनीतल्या बदामाच्या दोन झाडांतलं एक रस्ता रुंद करताना गेलं, त्याची हळहळ वाटते. नवीन पोरं पानांचा अर्क बाटलीतून विकत घेतात. पाणी रंगतं, पण बाटलीत पिल्लांचं जेवण नसतं आणि घरटं बांधायला वर पानही नसतं. मी मात्र उरलेल्या झाडाखाली पिशवी घेऊन अजून जातो. त्या मावशी आता पानं वेगळी काढून ठेवतात.

गेल्या खेपेला लातूरला वाघमारे साहेबांकडे गेलो. टाकीचं पाणी चांगलं तांबूस होतं. शेजारचे कुणी आले होते, ते म्हणाले, "साहेब, तुमच्या घरात असलं गढूळ पाणी?" साहेब त्यांच्यावर खेकसले, "गढूळ न्हाई, मुरलेलं हाय ते. आमच्या प्रज्ञाचं हाय." मला हसू आलं.

मग त्यांनी मला बरणीकडे नेलं. निळ्या नरानं पुन्हा फेस काढला होता. मादी नाही, अंडी नाहीत, तरी घरटं बांधून त्याखाली तो पहारा देत होता. पण वर आडोसा नसल्यामुळे फेस सारखा विस्कटत होता आणि तो सारखा नवे बुडबुडे सोडत होता.

"रोज बांधून राहिलाय," साहेब म्हणाले. "रिकामंच हाय, पर बांधतोय." त्यांनी विस्कटलेल्या फेसाकडे बोट केलं. "उस्ताद, एखादं पान असंल तर द्या की त्याला."

मी पिशवीत हात घातला, त्यातल्या त्यात मोठं पान शोधलं आणि त्यांच्या हातात दिलं.